आवाज नाका

रायबंदरच्या फेरीधक्क्याजवळ माझं गॅरेज.
खाऱ्या वाऱ्यावर पोट भरतो म्हटलं तरी चालेल:
मांडवीपलीकडून येणारी एकही गाडी
शेपटीकडून धड नसते.

कोंसेसांव गाडी ढकलतच आली फेरीवरून.
काळी गाडी, पिवळं मडगार्ड. इनास पायलटची.
आठ महिने झाले, तो दिवाडीला अंथरुणावर.
आठवड्यातून दोनदा बांबोळीला नेतात, रक्त धुवायला.
गाडी आता ती चालवते,
पहाटे पाचला, पणजीत, हॉटेलच्या चादरी धुवायला.

सायलेन्सर खालून कुजलेला. बोट लावलं तर
बोट आत गेलं.
म्हटलं, पत्रा मारून वेल्डिंग करतो, दोनशेत भागेल.
ती म्हणाली, "नाका. नवा घाल. आवाज नाका."

मग हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत सांगू लागली:
आवाज झाला की तो उठतो.
झोपेतच चप्पल शोधतो, किल्ली शोधतो,
म्हणतो, स्टँडवर माझा नंबर लागला.
परवा उंबऱ्यात पडला.

मी दहाचा पाना घेतला.

हेडजवळचे दोन नट. गंज असा की
नट कुठे संपतो आणि स्टड कुठे सुरू होतो, कळेना.
रॉकेल सोडलं. रॉकेलला वेळ द्यावा लागतो,
रात्रभर दिला तर उत्तम,
हे बाबल मेस्त्रीने मला चौदाव्या वर्षी
कान पिळून शिकवलेलं.
पण तिला सहाची फेरी गाठायची होती. घाई मलाही होती.
पहिला नट कुरकुरत सुटला.
दुसऱ्यावर पान्याला पाइप घालून जोर लावला,
आणि हाताला ती ओळखीची मऊ जाणीव झाली:
फिरतंय असं वाटतं,
आणि तुटलेलं असतं.

अर्धा तास ड्रिल. उरलेला स्टड कणाकणाने काढला.
ती स्टुलावर बसून बघत होती.
हे काम असंच असतं, असं तिला वाटत असावं.
बिलात मी शंभर वाढवले.

जुन्या नळीवरची जाळी उचकटली
तर आतून मातीचं घर निघालं, चार खोल्यांचं.
गाडी अंगणात उभी होती त्या महिन्यांत
कुठल्या कुंभारमाशीने बांधलेलं,
आणि नंतर रोजच्या तापाने
विटेसारखं भाजून निघालेलं.
कोंसेसांवने ते हातात घेतलं, हलवून पाहिलं,
आत काही वाजलं नाही.

तांब्याची नवी रिंग. नट आधी नुसते हाताने,
मग पाठचा बोल्ट, मग सगळं थोडं थोडं आवळत जायचं.
एक बाजू आधी आवळली
की दुसरी जन्मभर फुसफुसते.
किक मारली. फडक्याने तोंड दाबून कान लावला:
कुठूनही हवा नाही. इंजिन गुदमरून बंद पडलं.
पुन्हा किक.
तिने टाकीवर तळवा ठेवून पाहिलं,
चालू आहे ना.

तिसऱ्या दिवशी आली, राहिलेले पैसे घेऊन.
"उठला?"
नाही. पहाटे नाही उठला.
पण संध्याकाळी ती घरी आल्यावर म्हणाला,
तुझ्या कपड्यांना जळक्या रंगाचा वास येतो.
(येतोच. नवा सायलेन्सर पहिले दोन दिवस
आपला काळा रंग जाळत फिरतो.)
कोणी बसवला? किती घेतले?
तिने आकडा सांगितला.
तसा इनास उशी सरकवून ताठ बसला,
बोटांवर मोजलं, सायलेन्सर, रिंग, मजुरी,
पुन्हा एकदा मोजलं,
आणि म्हणाला, "ताणें शंबर चड घेतले."

सांगताना तिला हसू आवरेना,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, माझ्या स्टुलावर बसून.
तिने पुढे केलेल्या नोटांतली एक
मी परत तिच्याकडे सरकवली.
बरोबर मोजलंय त्याने, म्हटलं.
रॉकेलचं काही बोललो नाही.